बटणाखालची काळी टिकली

शेजारच्या काकूंचा रिमोट माझ्याकडे आला तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, वर दोन रबरबँड. टीव्ही सुरू होत होता, चॅनेल बदलत होतं, आवाज कमीही होत होता. वाढत मात्र नव्हता. “दाबून दाबून अंगठा दुखायला लागला रे,” काकू म्हणाल्या. नवे सेल घालून झाले होते, जुने सेल जागच्या जागी फिरवून झाले होते, रिमोट तळहातावर आपटूनही झाला होता. दुकानदाराने तर हातात न घेताच नवा घ्यायला सांगितलं होतं.

पिशवी काढली. आवाज वाढवायच्या बटणाभोवती हळदीची बारीक पिवळी कड बसली होती आणि त्यावरचं अधिकचं चिन्ह पार पुसून गेलं होतं. खालची लाल, हिरवी, पिवळी, निळी बटणं मात्र कोरी करकरीत. निम्मं निदान इथेच झालं. सगळी बटणं एकदम मंदावली असतील तर दोष सेलमध्ये, सेलच्या स्प्रिंगवर चढलेल्या गंजात किंवा रिमोटच्या तोंडाशी असलेल्या दिव्यात शोधायचा. पण घरात सगळ्यात जास्त वापरली जाणारी दोन-तीनच बटणं अडून बसली असतील, तर बिघाड बहुतेक वेळा त्या बटणांच्या रबरात असतो. आणि तो घरच्या घरी दुरुस्त होतो. त्यासाठी बटण आतून काय करतं ते आधी नीट कळायला हवं. बरेचसे घरगुती उपाय फसतात ते हे न कळल्यामुळेच.

फण्या आणि टिकली

रिमोट उघडला की आत फारसं काही नसतं. वरच्या झाकणाखाली रबराची एक अखंड चादर, तिच्यावर सगळी बटणं एकत्रच ओतलेली. तिच्याखाली सर्किट बोर्ड. चादर उलटी केली की प्रत्येक बटणाच्या पोटाशी एक काळी, सपाट टिकली दिसते, कपाळावर लावायच्या लहान टिकलीएवढी. बोर्डावर तिच्या बरोबर खाली दोन फण्या छापलेल्या असतात. एकीचे दात दुसरीच्या दातांमध्ये गेलेले, पण कुठेही एकमेकींना न टेकलेले. बटण दाबलं की टिकली दोन्ही फण्यांवर बसते आणि वीज एका फणीतून टिकलीत, टिकलीतून दुसऱ्या फणीत जाते. बोट उचललं की रबराचा छोटा घुमट आपोआप वर येतो आणि वाट तुटते.

आता रबरातून वीज जाते कशी? वायरमन तर विजेपासून वाचायला रबराचे हातमोजे घालतो. ही चादर सिलिकोन रबराची असते आणि तिच्यातून वीज जात नाही, हे खरंच आहे. टिकलीही त्याच रबराची, पण तिच्यात काजळीसारखा अतिशय बारीक कार्बन मळलेला असतो. तो इतका दाट असतो की एका कणाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा टेकून कणांच्या साखळ्या तयार होतात. विहिरीपासून मांडवापर्यंत माणसं रांगेत उभी राहून घागर हातोहात पुढे देतात, तशी वीज कणाकणातून पुढे सरकते. रांगेतली माणसं कमी झाली की घागर मध्येच अडते.

वीज किती अडते त्याला पाठ्यपुस्तकात रोध म्हणतात, बाजारात रेझिस्टन्स; तो ओहममध्ये मोजतात. चांगल्या टिकलीवर रोध मोजणाऱ्या मल्टिमीटरच्या दोन्ही पिना एक-दोन मिलिमीटर अंतरावर हलकेच टेकवल्या, तर साधारण पन्नासपासून दोन-तीनशे ओहमपर्यंत कुठला तरी आकडा येतो. तांब्याच्या तारेच्या मानाने हा रोध फार मोठा आहे, पण रिमोटच्या चिपला तो चालतो. बटण दाबलंय की नाही, एवढंच तिला ठरवायचं असतं. बहुतेक चिप काही हजार ओहमपर्यंतचा रोध ‘दाबलं’ म्हणून मान्य करतात. त्याच्या वर गेलं की त्यांच्या लेखी कोणी बटणाला हातच लावलेला नसतो.

सगळी गोम इथे आहे. टिकलीचा रोध शंभराचा पाचशे होतो, पाचशेचा दोन हजार होतो, आणि या सगळ्या काळात बटण अगदी नव्यासारखं चालतं. चिपच्या उत्तरात ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या मधलं काही नसतंच. मग एके दिवशी रोध मर्यादा ओलांडतो आणि आपण म्हणतो, काल रात्रीपर्यंत तर चालत होतं. बिघाड कितीतरी महिने आत चालू असतो, आपल्याला दिसतो त्या दिवशी.

जोरात दाबलं की काम होतं, त्याचंही कारण हेच. टिकली फण्यांवर चेपली जाते, जास्त ठिकाणी टेकते आणि रोध तेवढ्यापुरता मर्यादेत येतो. म्हणून आपण जोर वाढवत नेतो. पण त्याच जोराने टिकलीचा पृष्ठभाग झिजतो आणि रबराचा घुमटही मऊ पडत जातो. रिमोटच्या इतिहासात अंगठ्याच्या ताकदीला खरोखर किंमत होती असा एक काळ होऊन गेला. १९५६ साली अमेरिकेत झेनिथ कंपनीने ‘स्पेस कमांड’ नावाचा रिमोट आणला, तो रॉबर्ट ॲडलर यांनी तयार केला होता. त्यात सेलच नव्हते. बटण दाबलं की आतली छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटायची आणि माणसाला ऐकू न येणारा आवाज टीव्हीपर्यंत पोचायचा. तिथे सगळं काम अंगठ्याच्या ताकदीवर चालायचं. आजच्या रिमोटमध्ये अंगठ्याने फक्त टिकली टेकवायची असते.

रोध वाढतो कशामुळे

रिमोट उघडल्यावर चादरीला आणि बोर्डाला बऱ्याचदा एक तेलकट, चिकट थर लागलेला असतो. लोकांना वाटतं, काहीतरी सांडलं असणार. सांडलेलंही असतं कधी, पण पुष्कळदा हे तेल त्या रबरातूनच आलेलं असतं. सिलिकोन रबर म्हणजे एकमेकांत गुंतून बांधल्या गेलेल्या लांब साखळ्या. तयार होताना त्यातल्या काही छोट्या साखळ्या बांधल्या न जाता मोकळ्याच राहतात आणि वर्षानुवर्षं हळूहळू पृष्ठभागावर झिरपत येतात. हे सिलिकोनचं तेल वीज वाहू देत नाही. म्हणजे टिकली शाबूत, फण्या शाबूत, पण दोघींच्या मध्ये तेलाचा पापुद्रा. कपाटात पडून राहिलेला, कोणी हातही न लावलेला रिमोटसुद्धा काही वर्षांनी नीट चालत नाही, तो यामुळे.

त्यात आपली भर असतेच. फोडणीची वाफ, हाताचा घाम, बटणाच्या फटीतून आत गेलेला चहा, धूळ. हे सगळं त्या तेलाला धरून बसतं. काकूंची प्लॅस्टिकची पिशवी हळद-तेल थोडं अडवते, पण आतून झिरपणाऱ्या तेलावर तिचा काहीच इलाज नाही.

या दोन्हींवर स्वच्छता पुरते. खरी झीज वेगळी. हजारो वेळा दाबून टिकलीच्या पृष्ठभागावरचा कार्बन कमी झालेला असतो. अशी टिकली उजेडात धरली तर शेजारच्या गडद काळ्या टिकल्यांच्या तुलनेत राखाडी, गुळगुळीत, चकचकीत दिसते. ही धुऊन बरी होत नाही.

उघडण्याआधी आणि उघडल्यावर

रिमोटच्या दिव्यातून निघणारा प्रकाश अवरक्त असतो, बहुधा ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्याला दिसतो. मागच्या कॅमेऱ्यावर अनेकदा तो प्रकाश गाळणारी काच असते, म्हणून सेल्फीचा कॅमेरा उघडा, रिमोट त्याच्याकडे रोखा आणि बटण दाबा. पडद्यावर जांभळट-पांढरी लुकलुक दिसली की सेल, चिप आणि दिवा तिन्ही ठीक. काकूंच्या रिमोटवर बाकीची बटणं लुकलुकत होती आणि आवाज वाढवायचं बटण अंधारात होतं.

मग रिमोट उघडायचा. आधी सेल काढून तिथे एखादा स्क्रू दडलाय का ते पाहायचं. कधी तो स्टिकरखाली असतो. बाकी दोन अर्धुकं नुसत्या खाचांनी एकमेकांत अडकवलेली असतात. त्यांच्या फटीत जुनं एटीएम कार्ड घालायचं आणि कडेकडेने सरकवत न्यायचं. एकेक खाच टक् करून सुटते. चाकू किंवा स्क्रू ड्रायव्हर घातला की प्लॅस्टिकची कड चिरते आणि मग रिमोट पुन्हा घट्ट बसत नाही.

आता या सगळ्या कामातली सगळ्यात मोलाची चाचणी, आणि ती फार थोडे लोक करतात. रबराची चादर उचलायची, सेल बोटाने जागेवर धरून ठेवायचे आणि चादर सरकवून एखाद्या कोऱ्या बटणाची टिकली बिघडलेल्या बटणाच्या फण्यांवर टेकवायची. मी काकूंच्या रिमोटमधल्या निळ्या बटणाची टिकली आवाजाच्या फण्यांवर ठेवून दाबली. मोबाइलच्या पडद्यावर दिवा लगेच लुकलुकला. म्हणजे बोर्ड निर्दोष, दोष टिकलीचाच. दिवा लागला नसता, तर फण्या पुसून पुन्हा पाहिलं असतं आणि तरीही नाही लागला तर बोर्डावरची रेघ कुठे तुटलीय का ते शोधलं असतं. बोर्डावर प्रत्येक बटणासाठी वेगळी जोडी नसते; उभ्या-आडव्या ओळींची जाळी असते आणि चिप त्या ओळी आळीपाळीने तपासत राहते. त्यामुळे एकाच ओळीतली चार-पाच बटणं एकदम मेली असतील, तर टिकल्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही, ती ओळच तुटलेली असते.

मल्टिमीटर लावला. निळ्या बटणाची टिकली एकशेतीस ओहम. आवाज कमी करायची, नऊशे. आवाज वाढवायची, दोन लाखांच्या पुढे, आणि आकडा सतत हलत होता.

मल्टिमीटर घरात असावा असं मी सगळ्यांना सांगतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा कुठल्याही गावातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात साधा पिवळा मल्टिमीटर मिळतो आणि या कामाला तो पुरून उरतो.

आधी आंघोळ

पहिला उपाय धुण्याचाच. चादर कोमट पाण्यात, भांड्यांच्या द्रवसाबणाचे दोन थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं ठेवायची. वरची बाजू जुन्या टूथब्रशने घासली तरी चालते. टिकल्यांना मात्र ब्रश नको, बोटाच्या पेराने हलकेच चोळायचं. साध्या पाण्याने खळखळून धुवायची आणि सावलीत रात्रभर वाळू द्यायची. घुमटांच्या खोबणीत पाणी दडून बसतं, ते दिसत नाही.

बोर्डाला पाणी लावायचं नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणायचं, इअरबड त्यात जेमतेम ओला करायचा आणि फण्यांवरून फिरवायचा. फण्या सोनेरी असतील तर त्या धातूच्या, थोडं घासलेलं सोसतात. काळ्या असतील तर त्या कार्बनच्या शाईने छापलेल्या असतात, तिथे हात हलका हवा. पुसताना बोळा काळा होत चालला तर घाण निघत नाहीये, शाई निघतेय; थांबायचं. टिकल्यांनाही हाच नियम. सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं आणि ते मागे थर सोडतं. पेट्रोल आणि थिनरने सिलिकोन फुगतं. ॲसिटोनने रिमोटचं प्लॅस्टिक विरघळतं. गंज सोडवायचा स्प्रे मारणारेही पाहिलेत मी, पण तो तर तेलकटच. तेल काढायला तेल लावण्यासारखं आहे ते. पॉलिश पेपर तर फण्यांच्या जवळपासही आणू नये.

माझ्याकडे येणारे बरेचसे रिमोट इथेच बरे होऊन घरी जातात. काकूंच्या आवाज कमी करायच्या टिकलीचा रोध धुतल्यावर नऊशेवरून दोनशेवर आला. वाढवायची टिकली मात्र दोन लाखांवरून अकरा हजारांवर येऊन थांबली. वरचं तेल गेलं होतं, पण आतला कार्बनच झिजला होता.

झिजलेल्या टिकलीचं काय करायचं

पेन्सिल फिरवणं हा सगळ्यांना ठाऊक असलेला उपाय. तो खोटा नाही. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट आणि माती. ग्रॅफाइटमधून वीज जाते. एचबीपेक्षा चित्रकलेची सहा बी किंवा आठ बी बरी, कारण तिच्यात माती कमी. पण सिलिकोनवर काहीच धरून राहत नाही, ग्रॅफाइटही नाही. काही दिवसांत ते गळून पडतं आणि त्याची पूड बोर्डावर पसरते. आज रात्री सामना आहे आणि दुकानं बंद आहेत, अशा वेळी करावा असा हा उपाय.

दुसरा उपाय चॉकलेटच्या चांदीचा. चांदीचा गोल तुकडा कापून टिकलीवर चिकटवायचा. पहिल्या दिवशी बटण इतकं हलकं चालतं की माणूस खूश होतो. पण झटपट चिकटणारे डिंक सिलिकोनला धरतच नाहीत. कड उचलली जाते, तुकडा सरकतो आणि एखाद्या दिवशी दोन फण्यांवर आडवा पडून राहतो. मग रिमोटला वाटतं बटण कायमचं दाबलेलं आहे, बाकीची बटणं चालेनाशी होतात आणि सेल आठवड्यात संपतात. मला हा उपाय पसंत नाही.

ग्रॅफाइट मिसळलेला, खास रबरी बटणांसाठीचा लेप बाटलीत विकत मिळतो, ऑनलाइन मागवता येतो. तो चांगला, फक्त वापरण्याआधी खूप ढवळावा लागतो आणि पाकिटावर सांगितलेला सगळा वेळ वाळू द्यावा लागतो. तयार काळ्या चकत्याही मिळतात.

मी करतो ते टिकलीचं कलम. घरात कुठला तरी मेलेला रिमोट असतोच. माझ्याकडे बंद पडलेल्या डीव्हीडी प्लेअरचा आहे. त्यातलं कमी वापरलेलं बटण निवडायचं, आधी त्या टिकलीचा रोध मोजून खात्री करायची. मग कोऱ्या ब्लेडने टिकलीचा वरचा थर आडवा कापून घ्यायचा, जाड पोह्याएवढा. झिजलेल्या टिकलीचाही तेवढाच थर उतरवायचा. हे विसरलं तर नवी टिकली उंच होते आणि बटण न दाबताच टेकून राहतं.

चिकटवायला सिलिकोनला सिलिकोनच लागतं. बेसिनच्या कडेला किंवा माशांच्या टाकीला लावतात ते सिलिकोन सीलंट. उदबत्तीच्या काडीच्या टोकाने अर्ध्या मोहरीएवढा ठिपका मधोमध ठेवायचा, त्यावर कापलेली चकती, नवी कापलेली बाजू खाली आणि मूळची सपाट बाजू वर, आणि काडीनेच हलकं दाबायचं. सीलंट कडेने बाहेर येऊन चकतीच्या तोंडावर चढलं तर सगळं वाया, कारण त्यातून वीज जात नाही. साध्या सीलंटला वाळताना व्हिनेगरचा वास येतो, तो ॲसिटिक ॲसिडचा. ती वाफ बोर्डावरच्या तांब्याला खाते. म्हणून चादर रिमोटमध्ये न बसवता चोवीस तास उघडीच ठेवायची आणि वास पूर्ण गेल्यावरच झाकण लावायचं.

हेच रबर आणखी कुठे असतं

एसीचा रिमोट, जुना लँडलाइन फोन, पुष्कळसे कॅल्क्युलेटर यांत हीच रचना असते. पण मला सगळ्यात जीव लावणारं उदाहरण वाटतं ते भजनी मंडळांच्या आणि ऑर्केस्ट्राच्या की-बोर्डचं. जोर ओळखणाऱ्या की-बोर्डमध्ये प्रत्येक पट्टीखाली दोन टिकल्या असतात, एक थोडी आधी टेकते आणि दुसरी नंतर. दोन्हींच्या मधला वेळ मोजून वाद्य ठरवतं की पट्टी हळू दाबली की जोरात. कमी वेळ म्हणजे जोराचा सूर. आता पहिल्या टिकलीवर धूळ बसली आणि ती उशिरा टेकली, तर मधला वेळ घटतो आणि अलगद छेडलेला सूर एकदम किंचाळतो. कधी तो वाजतच नाही. गणपतीत मांडवात ठेवलेल्या की-बोर्डमध्ये गुलाल आणि धुपाची राख गेलेली मी पाहिली आहे. वादक बिचारा स्वतःचा हात बिघडला समजत होता. तिथे पेन्सिल किंवा कलम करू नये. दोन्ही टिकल्यांची उंची आणि रोध बाकीच्या पट्ट्यांशी जुळायला हवा, नाहीतर तो एक सूर कायमचा वेगळा वाजतो. अल्कोहोलने पुसणं एवढंच करावं. आणि उघडताना कुठला स्क्रू कुठून काढला ते कागदावर की-बोर्डचं चित्र काढून टोचून ठेवावं, कारण त्यांच्या लांब्या वेगवेगळ्या असतात आणि लांब स्क्रू आखूड जागी गेला तर वरच्या प्लॅस्टिकमधून बाहेर येतो.

मायक्रोवेव्हचं पॅनेल, वॉशिंग मशीन, इंडक्शनची शेगडी यांच्या बटणांखाली सहसा ही टिकली नसते. तिथे पातळ फिल्म, टच किंवा छोटे टिकटिक वाजणारे स्विच असतात. त्यातही मायक्रोवेव्ह तर उघडूच नका. प्लग काढल्यानंतरही त्याच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, जीव घेण्याइतकी वीज शिल्लक राहू शकते. सेलवर चालणारी वस्तू असेल तरच हे काम घरी करावं.

काकूंच्या रिमोटची चकती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पक्की बसली होती. मोजली, एकशेसाठ ओहम. बोर्डावरून एकदा कोरडा बोळा फिरवला, चादरीची भोकं खुंट्यांवर बसवली, खाचा बंद केल्या आणि रिमोट त्यांच्या हातात दिला. त्यांनी सवयीप्रमाणे दोन्ही अंगठे एकावर एक ठेवून बटण दाबून धरलं, आणि टीव्हीचा आवाज बारावरून थेट चाळीसवर गेला.